तळमजल्यावरचे मुक्त गवंडी

मुलांना काहीही शिकवावं, पण ते त्यांना आवडेल अशा रीतीने शिकवू नये, या मताला मी अलीकडे आलो आहे. कंटाळवाणं शिकवलं की मुलं ते वहीत उतरवून विसरून जातात आणि कुणालाही त्रास होत नाही. आवडलं की ती ते करून बघतात. माझ्यासारख्या निवृत्त इतिहास शिक्षकाला एका पायाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, डोळ्यांवर पट्टी बांधून, भर दुपारी जिना उतरावा लागला, त्याचं मूळ एवढंच आहे.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, मीटरच्या खोलीला लागून, एक रिकामी खोली आहे. निवृत्त झाल्यावर मी ती सोसायटीकडून मुलांसाठी मागून घेतली. शनिवारी दुपारी पोरं तिथे जमतात आणि मी त्यांना अभ्यासक्रमात नसलेलं काहीतरी सांगतो. खोली देताना कमिटीने एकच अट घातली होती: एक तक्रार आली, की खोली परत. कमिटीचा जीव त्या खोलीत अडकलेला आहे. कमिटीकडे मोडकी कपाटं आहेत, ती ठेवायला जागा नाही, आणि टाकून द्यायला ठराव लागतो. तो ठराव आजवर एकाही सभेत पूर्ण वाचून झालेला नाही.

या सभा मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर बसून बघतात. त्यांना दुसरी करमणूक नाही असं नाही, पण इतकी चांगली नाही. अशाच एका सभेनंतरच्या शनिवारी माझ्या नातीने विचारलं, "आजोबा, मोठी माणसं सभेत सगळी एकदम का बोलतात? त्यांना कुणी शिकवलं नाही का?"

शिक्षकाला असा प्रश्न विचारणं म्हणजे घोड्याला टाच मारणं आहे. मी म्हटलं, शिकवलं. जगात बऱ्याच लोकांना ते शिकावं लागलं, आणि ज्यांनी ते शिकून घेतलं त्यांतले काही जण स्वतःला फ्रीमेसन म्हणवत. म्हणजे मुक्त गवंडी.

मग मी सुरू झालो. युरोपात फार पूर्वी दगडाची प्रचंड चर्च बांधत. एकेक बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या चाले. पाथरवट या गावाहून त्या गावाला कामासाठी फिरत आणि बांधकामाच्या शेजारी त्यांचं एक खोपट असे. तिथे हत्यारं ठेवायची, जेवायचं, धंद्यातलं बोलायचं. नवा आलेला खरंच शिकलेला आहे की नुसत्या थापा मारतोय, हे कळावं म्हणून कुठे कुठे खुणेचे शब्द असत. पुढे मोठी बांधकामं आटली आणि या खोपटांत दगडाला कधी हात न लावलेली माणसं येऊन बसू लागली. डॉक्टर, घड्याळजी, दुकानदार, सरदार. त्यांनी पाथरवटांची हत्यारं उचलली, पण भिंती बांधायला नव्हे. काटकोन तपासायचा गुण्या म्हणजे वागणं काटकोनात ठेवा. पातळी बघायची पाणसळ म्हणजे आत आल्यावर सगळे एका पातळीवर, मग बाहेर तुम्ही सरदार असा की चांभार. सतराशे सतरा साली लंडनमधल्या चार खोपटांनी एका खानावळीत बसून आपलं मध्यवर्ती मंडळ काढलं, असं सांगतात. काही अभ्यासक म्हणतात की हे सालही चार वर्षांनी चुकलंय. त्यावर त्यांची भांडणं चालू आहेत.

"म्हणजे तेपण एकदम बोलतात," नात म्हणाली.

मी पुढे गेलो. खोपटात धर्मावरून आणि राजकारणावरून वाद घालायचा नाही, असा नियम होता. बोलायचं असेल तर उभं राहून अध्यक्षांची परवानगी घ्यायची. एक बोलत असताना दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. अध्यक्ष मतं घेऊन निवडायचा. नवा सभासद घ्यायचा तर गुप्त मतदान: पांढरी गोळी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण बाहेर राजा म्हणेल ती पूर्व दिशा असताना, आत कापडवाला आणि उमराव एका बाकावर बसून नियम करत होते, ते पाळत होते, हिशोब तपासत होते, अनाथ मुलींसाठी शाळा काढत होते. आणि ते एकटेच नव्हते. वाचनालयं, वादसभा, विज्ञान मंडळं, सगळीकडे माणसं हेच शिकत होती. सरकारला न विचारता चार लोकांनी एकत्र येऊन काम करणं, आणि ते करताना एकमेकांचा गळा न धरणं.

"आणि गुप्त काय होतं?" कुणीतरी विचारलं.

"खुणा, हस्तांदोलनं, विधी. त्यापलीकडे फारसं काही नसावं. पण दार बंद दिसलं की बाहेरच्यांना चैन पडत नाही. पोपने बंदी घातली, राजांनी घातली, पुढे हुकूमशहांनी घातली. जगात झालेली प्रत्येक क्रांती यांनीच केली, असं म्हणणारेही आहेत. तसं असतं तर इतिहास शिकवणं फार सोपं झालं असतं."

"मुली होत्या का त्यांच्यात?" हा प्रश्न पुन्हा नातीचा.

मी खरं ते सांगितलं. बहुतेक खोपटांनी बायकांना आत घेतलं नाही. एका पातळीवर बसणाऱ्यांनी ती पाणसळ निम्म्या जगाला लावलीच नाही. पुढे काही ठिकाणी स्त्रियांची आणि मिश्र मंडळं निघाली, पण उशिरा.

नात म्हणाली, "मूर्खच होते." हे मत मी तिथेच फळ्यावर लिहिलं, कारण वर्गातलं चांगलं उत्तर फळ्यावर लिहायची माझी सवय आहे. माझ्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

पुढच्या शनिवारी मी खोलीशी गेलो तर दार बंद. बाहेर माझी नात, आठ वर्षांची, तिच्या आजीचा स्वयंपाकाचा पांढरा एप्रन पाथरवटासारखा कमरेला गुंडाळून उभी. हातात फूटपट्टी.

"खूण?" तिने विचारलं.

"अगं, मी आहे."

"ते दिसतंय. खूण सांगा."

"कसली खूण? बाजूला हो, वर्ग घ्यायचाय."

"आज वर्ग नाही. आज खोपट आहे. सभासदांशिवाय कुणाला प्रवेश नाही. तुम्हीच सांगितलंत, दारावर पहारेकरी असतो."

मी हे सांगितलं होतं, हे मला नाकारता येईना. मी घरी परतलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इतक्यात सुटला वर्ग?"

"मला आत घेतलं नाही."

"अगं बाई," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. ती हसायला गेली होती. बराच वेळ बाहेर आली नाही.

माझ्या मनाला हे लागलं. मला ज्यांनी बाहेर ठेवलं त्यांना आत कसं बसायचं हे मीच शिकवलं होतं. पण नियम म्हणजे नियम. मी रीतसर अर्ज दिला: 'मी, अमुक मजल्यावरचा रहिवासी, वय झालेला, खोपटाचा सभासद होऊ इच्छितो.' अर्जावर मतदान झालं. गोळ्यांऐवजी बुद्धिबळातली प्यादी, आणि कोण काय टाकतं ते दिसू नये म्हणून तोंडाला नळी लावलेला डबा. मी दाराबाहेर उभा होतो. आतून प्यादी डब्यात पडल्याचे आवाज आले. मग नात बाहेर आली, घसा खाकरला आणि म्हणाली, "खेद आहे. एक काळं निघालं. एक जरी निघालं तरी नाही."

"काळं? कुणाचं?"

"ते विचारायचं नसतं."

"तुझं होतं का?"

"आजोबा," ती फार कळवळून म्हणाली, "असं विचारणारा माणूस सभासद व्हायला लायक नसतो."

मी आयुष्यभर हजारो मुलांना पास केलं आहे. इमारतीतल्या पोरांनी मला नापास केल्यावर मला रात्री नीट जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "पुन्हा बसा की परीक्षेला. तुम्हीच पोरांना सांगायचात ना, नापास झालं म्हणजे जग बुडत नाही." मी ते दुसऱ्यांच्या मुलांना सांगत असे. ती गोष्ट निराळी.

तोवर इमारतीत कुजबुज सुरू झाली होती. मुलं शनिवारी एका बंद खोलीत जातात आणि आत काय चालतं ते सांगत नाहीत. चॉकलेटचं आमिष दाखवलं तरी सांगत नाहीत. शेवटचा मुद्दा आयांना सगळ्यात भयंकर वाटला. जिन्यात मला गाठून प्रत्येकजण सल्ला देऊ लागला. दारात काच बसवा. दार काढूनच टाका. मुलांना कबड्डी शिकवा.

एकदा चेअरमनच भेटले. आमचे चेअरमन सज्जन आहेत, कष्टाळू आहेत, इमारतीसाठी मर मर मरतात. त्यांना एकच खोड आहे. समोरच्याचं वाक्य ते स्वतः पूर्ण करतात. बहुतेक वेळा भलतंच पूर्ण करतात, पण इतक्या आपुलकीने की दुरुस्त करायची लाज वाटते.

मी म्हटलं, "मुलांच्या खोलीबद्दल मी असं म्हणत होतो की—"

"—की कपाटं ठेवून घ्या! मला माहीत होतं मास्तर, तुम्ही समजूतदार आहात."

"नाही नाही, मी म्हणत होतो, मुलं मोठी गुणी—"

"—गुणी आहेत, पण आवरत नाहीत! खरंय. आमची एक ती तोंडातून शब्द काढत नाही, आणि बाकीची ही अशी."

त्यांची मुलगी खरोखरच बोलत नसे. अकरा वर्षांची, उंच, शांत पोर. वर्गात शेवटच्या रांगेत बसायची. काही विचारलं तर मान हलवायची, नाहीतर शेजारची तिच्यासाठी उत्तर द्यायची. इमारतीत सगळे तिला अबोलीच म्हणत.

मी दुसरा अर्ज केला. या वेळी डबा पांढरा निघाला. मात्र प्रवेशाचा विधी माझ्या व्याख्यानाबरहुकूम होणार होता, आणि व्याख्यानात मी तपशिलाच्या भरात बरंच काही सांगून गेलो होतो. नव्या सभासदाच्या डोळ्यांना पट्टी. एक पाय गुडघ्यापर्यंत उघडा. एका पायात बूट, दुसऱ्यात सपात. माणूस बाहेर कुणीही असो, आत येताना असहाय येतो आणि दुसऱ्याचा हात धरून येतो, असा त्याचा अर्थ. अर्थ उत्तम आहे. फक्त मुलांनी तो विधी आमच्या घराच्या दारापासून सुरू केला.

मी जिना उतरत होतो. एका हाताला नात, दुसऱ्या हाताला कठडा, पुढे कुणीतरी हातोडीने पायरी ठोकत होतं. पहिल्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला.

"मास्तर?" पोटकलमांचा आवाज. हे आमचे शेजारी कुठल्याशा कचेरीतून कायद्याचे सल्लागार म्हणून निवृत्त झाले आहेत. प्रत्येक गोष्टीला ते कलम आणि त्याखालचं पोटकलम सांगतात, म्हणून हे नाव. "मास्तर, हे तुम्ही स्वेच्छेने करताय ना?"

"होय," मी म्हणालो. डोळे बांधलेल्या, एक पोटरी उघड्या माणसाने म्हटलेलं 'होय' फारसं खात्रीचं वाटत नाही, हे मला मान्य आहे.

खोपटात पट्टी सुटली. मुलं भिंतीला लागून चौकोन करून बसली होती. समोरच्या खुर्चीवर, हातात खेळण्यातली लाकडी हातोडी धरून, चेअरमनची मुलगी बसली होती. अध्यक्ष ती होती.

तिने हातोडी आपटली. सगळं चिडीचूप झालं. ती उभी राहिली आणि तिने सुरुवात केली, "आ... आ... आ..." आणि थांबली. मग पुन्हा, "आपल्या ख... ख..." तिचा चेहरा लाल झाला, मान ताठ झाली. शब्द घशात अडकलेला दिसत होता. माझ्या जिभेवर तो तयार होता. शिक्षकाच्या जिभेवर नेहमी असतो. मी तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या नातीने माझ्या उघड्या पोटरीला सणसणीत चिमटा काढला.

कुणी हललं नाही. कुणी हसलं नाही. एक मुलगा छताकडे बघत होता, अगदी निवांत, जणू याला कितीही वेळ लागला तरी त्याला कुठे जायचं नव्हतं. शेवटी तिचं वाक्य पूर्ण झालं. "आपल्या खोपटात... तुमचं... स्वागत आहे."

पुढे एका शब्दकोशावर हात ठेवून मी शपथ घेतली: आत ऐकलेलं बाहेर सांगणार नाही. काळं प्यादं कुणी टाकलं होतं ते मला तोवर कळलं होतं. जन्मभर मुलांना शब्द पुरवणाऱ्या माणसाला या अध्यक्षांनी आत का घ्यावं? माझं दुःख तिथेच संपलं.

वर जाताना नातीने मला हळूच समजावलं, "अध्यक्ष बोलताना मध्ये बोलायचं नाही, असा नियम आहे ना? म्हणून आम्ही तिलाच अध्यक्ष केलं. पण घरी सांगायचं नाही. तिला एकदा नीट बोलता आलं की ती स्वतः सांगणार आहे. चेअरमनकाका समजतात तिला बोलायलाच आवडत नाही. ती एक अक्षर बोलते, की पुढचं सगळं तेच बोलून टाकतात."

दुसऱ्याच दिवशी तक्रार आली. लेखी. 'एका ज्येष्ठ नागरिकास दृष्टिहीन अवस्थेत, अर्धवट वस्त्रांत, अल्पवयीनांकडून तळमजल्यावर नेण्यात आले.' खाली सही पोटकलमांची. मी जाब विचारायला गेलो तर त्यांनी मला चहा दिला. म्हणाले, "माझं कर्तव्य मी केलं. आता सल्ला देतो तो शेजारी म्हणून. मंडळाची नोंदणी करून टाका. नोंदणी क्रमांक आला की कुणाची छाती नाही बोलायची."

म्हणून मी नोंदणी कचेरीत गेलो. खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज पाहून विचारलं, "मंडळाचा उद्देश?"

"एकत्र बसणं आणि बोलणं."

"धार्मिक, धर्मादाय, क्रीडा, यातलं काय?"

"यातलं नाही."

"मग 'इतर'. अध्यक्ष?"

"अकरा वर्षं."

"अकरा वर्षं पदावर? मधे निवडणूक नाही?"

"नाही, वय अकरा."

कारकुनाने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "बरं. बैठकीत काय चालतं?"

"ते सांगता येत नाही. गुप्त आहे."

"आजोबा," तो शांतपणे म्हणाला, "गुप्त असेल तर नोंदवायचं कशाला? आणि नोंदवलं तर गुप्त राहील कसं?"

खरं सांगायचं तर प्रश्न चोख होता, आणि चोख प्रश्नाला मी कधी वाऱ्यावर सोडत नाही. मी त्याला सांगितलं की ही अडचण इंग्लंडच्या सरकारलाही आली होती. फ्रान्समधल्या क्रांतीची धास्ती घेऊन त्यांनी सतराशे नव्याण्णव साली शपथबद्ध संघटनांवर कायदा आणला, पण फ्रीमेसनांना त्यातून सूट दिली. अट एवढीच, की सभासदांची नावं दरवर्षी सरकारजमा करायची. म्हणजे कोण बसतं ते सरकारला माहीत, काय बोलतात ते त्यांचं त्यांना. मला वाटतं सरकार आणि नागरिक यांच्यात झालेला हा एक शहाणपणाचा सौदा होता. माझ्यामागे रांग वाढत होती. रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "मग ती नावं खरंच देत होते का?" मी त्यांच्याकडे वळून उत्तर द्यायला लागलो. दुसऱ्या एका गृहस्थांनी पोपचं काय झालं ते विचारलं. वळून पाहतो तो खिडकी बंद. आतून आवाज आला, "अठरा वर्षं पूर्ण झालेले सात सभासद घेऊन या."

घरी बायको म्हणाली, "काय ते सांगून टाका ना सभेत. मुलं आत वाईट करत नाहीत एवढं तुम्हाला ठाऊक आहे. सांगा आणि मोकळे व्हा."

"शपथ घेतलीय."

"शब्दकोशावर!"

"मी जन्मभर त्यावरच पोट भरलंय."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "काहीतरी आहे खरं. कुणाचं तरी आहे. बरं, नका सांगू. पण मग खोली जाणार, हे लक्षात ठेवा. आणि शनिवारी दुपारी तुम्ही घरात माझ्या डोक्याशी बसणार."

खोली गेली असती तर ती पोर पुन्हा शेवटच्या रांगेत गेली असती. तिच्यासाठी शब्द पुरवायला अख्खी इमारत टपलेली होती. दुसरी जागा नव्हती जिथे तिला कुणी थांबून ऐकलं असतं. आणि मी तोंड उघडलं असतं तर खोली वाचली असती, पण तिची गोष्ट तिच्याआधी सांगणारा आणखी एक माणूस मी झालो असतो. हा हिशोब मी सभेच्या दिवसापर्यंत करत राहिलो आणि तो दर वेळी शून्यावर येत होता.

सभा पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर भरली. मुलं नेहमीप्रमाणे पायऱ्यांवर. विषय एकच: तळमजल्यावरची खोली बंद करून कपाटांसाठी घेणे. सुरुवात होताच सगळे बोलू लागले. जादूटोणा झाला, व्यसन झालं, मोबाइल झाला, माझी पोटरी झाली. एका बाईंनी उभं राहून सांगितलं की त्यांचा मुलगा हल्ली घरी बोलण्याआधी हात वर करतो आणि त्याने त्या घाबरून गेल्या आहेत.

चेअरमननी हात वर केले. "मास्तरांना बोलू द्या. मास्तर, आत काय चालतं ते एका वाक्यात सांगा, विषय संपवू."

मी उभा राहिलो. "मला माहीत आहे. पण मी सांगू शकत नाही. तो माझा—"

"—माझा नाइलाज आहे! म्हणजे लपवण्यासारखं आहे!" चेअरमन खिन्न झाले. "मास्तर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी माझ्या स्वतःच्या मुलीला तुमच्याकडे पाठवतो हो."

माझ्या तोंडात वाक्य आलं होतं: मग तिलाच विचारा. छोटंसं वाक्य. ते म्हटलं असतं तर सगळ्या माना पायऱ्यांकडे वळल्या असत्या. मी ते गिळलं आणि खाली बसलो. मागून कुणीतरी म्हणालं, "वयाला शोभतं का हे?" बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. तिने तो चारचौघांत याआधी कधी ठेवल्याचं मला आठवत नाही.

"ठीक आहे," चेअरमन म्हणाले. "खोली बंद करावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात—"

पायऱ्यांवर ती उभी राहिली. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. ती खाली उतरून खुर्च्यांच्या मधल्या वाटेत आली. "म... म..."

"मोटर?" चेअरमन म्हणाले. "पाणी भरायचंय? जा, आई घरी आहे."

तिने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "म... मला..."

"मला बरं नाही. बरं नाहीये का तुला? डोकं दुखतंय?"

"काका!" माझ्या नातीचा आवाज पार्किंगभर घुमला. "मध्ये बोलू नका. अध्यक्ष बोलतायत."

चेअरमननी इकडेतिकडे पाहिलं. "अध्यक्ष मी आहे."

"तुम्ही इमारतीचे. त्या आमच्या खोपटाच्या."

चेअरमननी आपल्या मुलीकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे. पायऱ्यांवरची सगळी मुलं ताठ बसली होती. एकही हसत नव्हतं. एकाचं लक्ष छताच्या पाइपकडे होतं, अगदी निवांत. चेअरमन काही बोलायला गेले, पण त्या पोरांकडे पाहून त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"मला... सां... सांगायचंय," ती म्हणाली. मग थांबली. ते थांबणं फार मोठं होतं. खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खोकलं, पोटकलमांनी घड्याळ पाहिलं आणि बायकोने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी मनगट बाहीत ओढून घेतलं. चेअरमनचे ओठ हलत होते. प्रत्येक अडलेल्या अक्षरापुढे त्यांच्याकडे शब्द तयार होता, तो मला दिसत होता, आणि तो आत ठेवायला त्यांना किती कष्ट पडत होते तेही दिसत होतं. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"आम्ही... आत... ए... एकमेकांचं... बो... बोलणं... पूर्ण होऊ देतो."

एवढी माणसं एकत्र असताना पार्किंगमध्ये शांतता मी प्रथमच ऐकत होतो. ज्या बाईंचा मुलगा हात वर करून बोलायचा, त्या रुमाल शोधू लागल्या. चेअरमन आपल्या मुलीकडे असे पाहत होते, जणू ती कुठल्या तरी दूरच्या गावाहून आत्ता आली आहे आणि तिला उतरवून घ्यायला ते वेळेवर पोहोचले नाहीत.

पोटकलम उभे राहिले. "अध्यक्षमहाराज, या निवेदनावर माझी एक उपसूचना—"

"थांबा," चेअरमन म्हणाले. "तिचं झालेलं नाही."

आणि खरंच तिचं झालेलं नव्हतं. ती अजून उभीच होती. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं की झालं, कारण आम्हाला पुरेसं वाटलं होतं.

"आणि," ती म्हणाली, "आतला... प... प... पंखा... फिरत नाही."

चेअरमननी मान डोलवली. "कोणता? दाराजव—" एवढं म्हणून त्यांनी तोंड मिटलं, खुर्चीत बसले आणि उत्तराची वाट पाहू लागले.